चौदा सामन्यांची वही

गेल्या पावसाळ्यात मिशनघरातील जुन्या लाकडी कपाटास वाळवी लागली, म्हणून ते रिकामे करण्याचे काम आम्ही स्वतःच अंगावर घेतले. जुन्या नोंदवह्या, गायनाच्या चोपड्या, नाताळच्या नाटकांची हस्तलिखिते अशा पसाऱ्यात एक शंभर पानी शाळकरी वही हाती आली. पुठ्ठ्यावर निळ्या शाईने ‘पुणे’ एवढाच शब्द लिहिलेला होता. आत प्रत्येक पानावर एक तारीख, दोन संघांची नावे, धावा, बळी आणि तळाशी निकालाचा एक शब्द. पुण्याचा विजय झाला तेथे ‘जिंकले’ असे लिहिले होते; पराभव झाला तेथे ‘हरलो’. विजय त्यांचा, पराभव मात्र आपला! लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केले असेल असे आम्हांस वाटत नाही. म्हणूनच ते वाचून आम्ही बराच वेळ त्या कपाटापाशी बसून राहिलो.

वहीत चौदा पाने भरलेली आहेत. ती कोणी भरली हे आम्हांस ठाऊक आहे, कारण ती भरण्याची शिक्षा आम्हीच दिली होती. त्या शिक्षेची हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२०१० च्या जून महिन्यात आमची तिसगावला नेमणूक झाली. त्याआधी आम्ही निरनिराळ्या धर्मग्रामांत साहाय्यक म्हणून राहिलो होतो. स्वतंत्र जबाबदारीची ही पहिलीच खेप. नगरहून पाथर्डीकडे निघालेली एस. टी. करंजीचा घाट चढून पुढे आली की आमचे गाव येते. मुलूख कोरडा, पाऊस बेभरवशाचा. दिवाळी झाली की तालुक्यातील कितीतरी कुटुंबे कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास, परततात. धर्मग्रामातील निम्मी घरे सहा महिने कुलूपबंद! नव्या धर्मगुरूस आपले लोक कोण हे कळावयासच एक हिवाळा आणि एक उन्हाळा जावा लागतो.

आमचे लोक परतले त्याच सुमारास, २०११ च्या एप्रिलमध्ये, पुण्याचा नवा क्रिकेट संघ प्रथमच मैदानात उतरला. इंडियन प्रीमियर लीग ही स्पर्धा २००८ साली आठ संघांनिशी सुरू झाली होती. त्यांत मुंबई होती, पुणे नव्हते. मार्च २०१० मध्ये दोन नव्या संघांचा लिलाव झाला. सहारा समूहाने ३७ कोटी डॉलर, म्हणजे सुमारे १७०० कोटी रुपये मोजून पुण्याचा हक्क घेतला. दुसरा संघ कोचीला मिळाला. पुण्याच्या संघाचे नाव पुणे वॉरियर्स इंडिया ठेवण्यात आले. जानेवारी २०११ मध्ये बंगळुरूला खेळाडूंचा लिलाव झाला. युवराज सिंगसाठी १८ लाख डॉलर, तर रॉबिन उथप्पासाठी २१ लाख डॉलर पडले. प्रशिक्षक म्हणून ऑस्ट्रेलियाचे जेफ मार्श आले आणि कर्णधारपद युवराजकडे गेले.

हे आकडे आमच्या मुलांना कसे समजावून द्यावेत असा आम्हांस प्रश्न पडला होता. तो त्यांनीच सोडविला. एक मुलगा दुसऱ्यास सांगत होता, “अरे, ही उचल रे! मुकादम आधी उचल देतो, मग हंगामभर त्याच्याच टोळीत राहायचं. युवराजची उचल आठ कोटींची, एवढाच फरक.” मुले हसली, आम्हीही हसलो. ज्यांच्या आईबापांची उचल फिटता फिटत नव्हती ती मुले हा विनोद करीत होती हे आमच्या ध्यानी आले, पण उशिरा.

युवराज त्या वेळी देशाचा लाडका होता. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला आणि ३६२ धावा व १५ बळी घेणारा युवराज स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. असा कर्णधार लाभलेल्या नव्या संघाविषयी कोणास शंका येणार? आमच्या आवारातील मुलांनीही आपला एक संघ उभा केला, त्याला पुण्याच्याच संघाचे नाव दिले आणि कर्णधार निवडला. तो सोळा-सतरा वर्षांचा होता. उंच, अबोल, डाव्या हाताने गोलंदाजी करणारा. दोन हंगाम आईबापांबरोबर फडात राबलेला. त्याचे नाव येथे देत नाही.

१० एप्रिल हा उपवासकाळातील पाचवा रविवार होता. “फादर, उपवासकाळात मॅच पाहिली तर चालेल का?” असे मुलांनी विचारले. मांसाहार सोडला आहे, क्रिकेट सोडण्याचा नियम कोठे वाचनात नाही, असे उत्तर देऊन आम्ही सभागृहातील दूरदर्शन संच उघडून दिला. भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली की सगळे बाहेर ओट्यावर येत आणि कोणाच्या तरी मोबाइलवरून धावसंख्या कळे. त्या दिवशी पुण्याने पंजाबला ११२ धावांत रोखले आणि सात गडी राखून सामना जिंकला. विदर्भाकडून खेळणाऱ्या श्रीकांत वाघचे बळी पाहून मुलांनी सभागृह डोक्यावर घेतले. १३ तारखेस कोचीचाही पराभव झाला. दोन सामने, दोन विजय. आवारात जणू चषकच आला होता.

मग पडझड सुरू झाली. झावळ्यांच्या रविवारी दिल्लीने हरविले. पवित्र सप्ताहातील बुधवारी मुंबईने हरविले. पुनरुत्थान सणाच्या दुसऱ्या दिवशी चेन्नईने, आणि दोनच दिवसांनी पुन्हा चेन्नईने. मग बंगळुरू, मग राजस्थान, मग ४ मे रोजी पुन्हा मुंबई. ओळीने सात पराभव! मुलांच्या दुःखास आणखी एक धार होती. आमच्या जिल्ह्यातील श्रीरामपूरचा झहीर खान बंगळुरूच्या संघात होता आणि संगमनेर तालुक्यातील आश्वीचा अजिंक्य रहाणे राजस्थानच्या. आपली माणसे परक्यांच्या संघात, आणि आपल्या म्हणविणाऱ्या संघात आपली माणसे शोधावी लागत.

त्या संघास घरही नव्हते. गहुंजे येथील मैदानाचे बांधकाम पुरे झाले नव्हते, म्हणून पुण्याचा संघ आपले ‘घरचे’ सामने नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर खेळे. मुंबईचा संघ तेथे आला की कोण यजमान आणि कोण पाहुणा हे सांगणे कठीण. पुण्यातील माणसास आपला संघ पाहण्यासाठी घाट उतरून जावे लागे. मुलांपैकी एकाने म्हटले, “फादर, हा संघपण फडावरच आहे.” त्यावर कोणी हसले नाही.

त्याच पंधरवड्यात आमच्या मुलांचा संघ शेजारच्या गावातील टेनिस चेंडूच्या स्पर्धेत उतरला. प्रवेश फी आम्ही भरली होती आणि, खरे सांगावयाचे तर, जिंकण्याची हौस मुलांपेक्षा आम्हांस अधिक होती. नव्या धर्मगुरूस काहीतरी करून दाखवावयाचे असते. ख्रिस्तमंदिराचे छत दुरुस्त व्हावयास पैसा नव्हता, तरुणांची सभा भरत नव्हती. निदान एक चषक तरी मिशनघराच्या कपाटावर असावा, अशी ती हौस. शेवटचे षटक कर्णधाराचे होते आणि प्रतिस्पर्ध्यांना नऊ धावा हव्या होत्या. पहिल्या दोन चेंडूंनंतर तो कमरेवर हात ठेवून थांबला, खोकला, पुन्हा धावत आला आणि चेंडू आखूड पडला. चौकार. पुढच्या चेंडूआधी तो चक्क खाली बसला. सामना गेला.

परत आल्यावर आम्ही सर्व मुलांसमक्ष त्यास म्हणालो, “फडात दिवसभर वाकतोस, मोळ्या वाहतोस, आणि येथे चार षटकांत दम लागतो? दम नाही, तुझे मन नाही.” त्याने मान खाली घातली. हातातील चेंडू आमच्या पायापाशी ठेवला. आम्ही दुसऱ्या मुलास कर्णधार नेमले आणि त्याच्या हाती एक कोरी वही देऊन सांगितले, “खेळावयाचे नसेल तर निदान लिहीत बस. पुण्याचे सगळे सामने उतरवून काढ.” ती ही वही. झालेल्या सामन्यांची पानेही त्याने मागे जाऊन, जुनी वर्तमानपत्रे चाळून, भरलेली दिसतात.

येथे थोडे विषयांतर करावयाचे आहे. पुण्याच्या सेमिनरीत आम्ही ईशज्ञानाचा अभ्यास करीत असताना एक वयोवृद्ध अमेरिकन धर्मगुरू काही आठवडे पाहुणे म्हणून राहिले होते. तरुणपणी ते न्यूयॉर्कला होते. आपल्याकडे क्रिकेटला जे स्थान आहे ते त्यांच्या देशात बेसबॉलला आहे. १९५७ च्या हंगामानंतर न्यूयॉर्कचे दोन जुने, लोकप्रिय संघ कॅलिफोर्नियास निघून गेले. शहर पोरके झाले. १९६२ साली तेथील नॅशनल लीगने आठाचे दहा संघ केले, तेव्हा न्यूयॉर्कला मेट्स हा नवा संघ मिळाला. निघून गेलेल्या एका संघाचा निळा आणि दुसऱ्याचा नारिंगी रंग त्याने गणवेशावर घेतला. खेळाडू मात्र इतर संघांनी सोडून दिलेल्यांतून निवडावे लागले. स्वतःचे मैदान नव्हते. निघून गेलेल्या एका संघाच्या जुन्या, रिकाम्या मैदानावर खेळावे लागे. व्यवस्थापक केसी स्टेंगल सत्तरी ओलांडलेले. पहिले नऊ सामने ओळीने हरले. हंगामअखेर चाळीस विजय आणि एकशे वीस पराभव! दहा संघांत दहावा क्रमांक.

“आणि लोक?” असे आम्ही विचारले होते. ते म्हणाले, लोक येत राहिले. त्या पहिल्या वर्षी नऊ लाखांवर प्रेक्षक मैदानावर आले. घरच्या चादरी रंगवून त्यांवर संघासाठी गमतीचे, प्रेमाचे मजकूर लिहून आणीत. संघाच्या चुकांवर हसत, पण ते हसणे घरातल्या धांदरट मुलावरील हसण्यासारखे असे. सात वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याच मेट्सने अमेरिकेतील अजिंक्यपद जिंकले.

ही गोष्ट आम्ही आमच्या प्रवचनांतून कितीदा तरी सांगितली असेल. २०११ च्या त्या सायंकाळी मात्र ती आम्हांस आठवली नाही. दुसऱ्यास सांगण्याच्या गोष्टी आणि स्वतः वागण्याच्या गोष्टी आपण वेगवेगळ्या कपाटांत ठेवतो की काय, कोण जाणे.

वहीतील पुढची पाने पाहू. ८ मे, रविवार : पंजाबविरुद्ध ‘जिंकले’. १० मे, हैदराबाद : ‘जिंकले’. या पानावर सौरव गांगुलीच्या नावाखाली दोन रेघा आहेत. जानेवारीच्या लिलावात गांगुलीस कोणी घेतले नव्हते. आशिष नेहरा जायबंदी झाल्यामुळे पुण्याने त्यास मधूनच बोलावले आणि पहिल्याच सामन्यात त्याने नाबाद ३२ धावा केल्या. मुंबईविरुद्धच्या एका पराभवाच्या पानावरही एक नाव असेच अधोरेखित आहे : राहुल शर्मा. या उंच लेगस्पिनरने त्या सामन्यात चार षटकांत केवळ सात धावा देऊन दोन बळी घेतले होते. आदल्या वर्षी त्याच्या चेहऱ्यास पक्षाघात झाला होता. त्यातून उठून तो खेळला आणि त्या हंगामात त्याने सोळा बळी मिळविले. कोणास न विचारता त्या मुलाने नेमकी हीच दोन नावे निवडली होती : एक नाकारलेला आणि एक आजारातून उठलेला.

मग पुन्हा दोन ‘हरलो’. अखेरचा सामना २१ मे रोजी दिल्लीला होता, तो पावसाने पुरा होऊ दिला नाही. त्या पानावर ‘जिंकले’ही नाही आणि ‘हरलो’ही नाही, ‘पाऊस’ एवढेच आहे. चौदा सामने, चार विजय, नऊ पराभव, एक अनिर्णित, नऊ गुण. दहा संघांत नववा क्रमांक.

जून उजाडला. एके दिवशी मिस्सानंतर त्या मुलाची आई ख्रिस्तमंदिराच्या पायरीवर थांबली. “फादर, पोरगं रातभर खोकतंय. फडावर असल्यापासूनच हाय. त्यो म्हणतो, कुणाला सांगू नको, खेळू द्यायचे नाहीत.” आमच्या पायांखालची पायरी हलल्यासारखे झाले. मिशनमधील सिस्टरनी त्यास त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेले. थुंकी तपासली. क्षय निघाला.

त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे औषधे आठवड्यातून तीन दिवस, कोणाच्या तरी देखत घ्यावयाची असत आणि उपचार सहा महिने चाले. औषधे मोफत होती. अडचण होती ती सातत्याची. दिवाळीला आईबाप टोळीबरोबर गेले तर मुलगाही जाणार आणि औषध अर्धवट राहणार. म्हणून तो मिशनमध्येच राहिला. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो सकाळी येई, सिस्टरच्या देखत गोळ्या घेई आणि आमच्यासमोर बसून चहा पिई. आम्ही त्याची क्षमा मागितली ती तिसऱ्या का चौथ्या दिवशी. तो म्हणाला, “जाऊ द्या, फादर.” एवढेच. क्षमा मिळाली असे आम्ही समजलो. पण आमच्या मनातील अवघडलेपण गेले नाही.

उपचार संपून काही आठवडे झाले असतील. २०१२ च्या फेब्रुवारीतील सकाळ. तो वर्तमानपत्र घेऊन धावतच आला. युवराज सिंगला कर्करोग असून अमेरिकेत बोस्टन येथे त्याच्यावर उपचार सुरू असल्याची बातमी होती. दोन फुप्फुसांच्या मध्ये गाठ होती. विश्वचषकाच्या दिवसांतच त्यास खोकला होता, वांत्या होत होत्या, धाप लागे. आणि तशाच अंगाने तो पुढे पुण्याचा पहिला हंगाम खेळला होता. त्या सात पराभवांच्या दिवसांत सभागृहात बसून आम्हीच किती वेळा म्हणालो होतो की विश्वचषक मिळाल्यापासून याचे लक्ष उडाले, हा मन लावून खेळत नाही!

मुलगा आमच्याकडे पाहत म्हणाला, “फादर, कॅप्टनपण आजारीच होता.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती, त्यास एक सोबती सापडला होता, त्याचा तो दिलासा होता. आम्ही मात्र ते वर्तमानपत्र उगीचच पुन्हा पुन्हा घडी घालीत राहिलो. त्या रविवारच्या मिस्सात श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत युवराजसाठी एक विनंती त्या मुलानेच वाचली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युवराज पुन्हा भारताकडून खेळला, तेव्हा मिशनच्या सभागृहात वीज होती, हा आणखी एक आनंद.

पुण्याच्या संघाचे पुढे काय झाले हे बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. २०१२ च्या एप्रिलमध्ये गहुंजेचे मैदान तयार झाले, संघास घर मिळाले. पण त्या वर्षी तो नऊ संघांत शेवटचा आला. २०१३ मध्ये आठवा. मालक आणि क्रिकेट मंडळ यांच्यातील पैशाचा वाद विकोपास गेला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये मंडळाने संघाचा करार संपविला. कोचीचा संघ तर एका हंगामानंतर, सप्टेंबर २०११ मध्येच, मोडला होता. न्यूयॉर्कच्या त्या संघाने पहिल्या वर्षी एकशे वीस पराभव पचविले आणि तो आजही उभा आहे. पुण्याच्या संघासाठी १७०० कोटींची बोली लागली. परंतु हरत असताना ‘हरलो’ म्हणणारी माणसे त्याच्याभोवती जमावयास जो वेळ लागतो, तो वेळ त्यास कोणी दिला नाही.

आमच्या मुलांचा संघ मात्र मोडला नाही. त्यातील मुले मोठी झाली, कामधंद्यास लागली. त्यांच्या धाकट्या भावंडांनी चेंडू उचलला. मधली काही वर्षे आम्ही दुसऱ्या धर्मग्रामांत होतो. परत येथे नेमणूक झाली तेव्हा कडुनिंब तेच होते आणि त्यांच्यामधील मुरमाड खेळपट्टीही तीच. कपाटावर चषक अजूनही नाही. ती वही लिहिणारा आता दोन लेकरांचा बाप आहे. नगरला एका कारखान्यात पाळीवर जातो आणि रविवारी मिस्सास सहकुटुंब येतो. वही सापडल्याचे आम्ही त्यास सांगितले. त्याने ती उघडून पाहिली, हसला आणि परत आमच्याच हाती दिली. “राहू द्या तुमच्याकडं, फादर. पुढच्या पोरांना लागंल.”

वहीत शाऐंशी पाने कोरी आहेत. परवा शेजारच्या गावाहून मुले सामना हरून परत आली तेव्हा दिवस मावळला होता. आम्ही ओट्यावर बसलो होतो. कर्णधार मागे रेंगाळत होता. त्यास जवळ बोलावून किती धावांनी हरलो हे आम्ही विचारले नाही. पाणी दिले, शेजारी बसविले आणि विचारले, “बाळा, बरा आहेस ना?” तो दचकला, मग मान डोलावून म्हणाला, “बराय, फादर. नुसतं हरलो.”

पंधरावे पान आम्ही त्याच्याकडूनच लिहून घेतले.